एम सात आलं का?

“ताई, असलं काही येत नाही,” असं तपकीर गल्लीतल्या तिसऱ्या दुकानदाराने सांगितलं तेव्हा बारा वाजून गेले होते, आणि पासोड्या विठोबाजवळ मी जिथे गाडी घुसवली होती तिथून ती एव्हाना टोइंगवाल्यांनी उचलली असणार याची मला जवळजवळ खात्री होती. हातात ‘सकाळ’च्या पुरवणीत गुंडाळलेला काकांचा कॅल्क्युलेटर. त्याच्या डोक्यावर, कडेला, चार बारीक पिना एका रांगेत. त्या पिनांवर बसेल असा कनेक्टर मला हवा होता. तो ज्या केबलला असायचा ती केबल काकांनी २००३ साली घर बदलताना हरवली होती, आणि तेव्हापासून ती काकूने भंगारात दिली असं ते सांगत आले होते. काकू हे ऐकून घेते.

चौथा दुकानदार म्हातारा होता. त्याने कॅल्क्युलेटर हातात घेतला, वळवून पिनांकडे पाहिलं, एक शब्द न बोलता आत गेला आणि जुन्या सीडी ड्राइव्हच्या आवाजाची वायर घेऊन आला. पूर्वी कॉम्प्युटरच्या पोटात सीडी ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंत जायची ती, टोकाला चार भोकांचं छोटं पांढरं प्लॅस्टिक असलेली. “कडा ब्लेडने थोड्या कोरा. बसेल.” वीस रुपये. वर म्हणाला, “पूर्वी सीओईपीची पोरं यायची ह्यासाठी.” खरं की माझं समाधान म्हणून, कोण जाणे. गाडी जागेवर होती.

कॅल्क्युलेटर म्हणजे एचपी ४८जीएक्स. हे मॉडेल १९९३ साली आलं. काकांचा १९९६चा, काकूचा भाऊ न्यू जर्सीहून आला तेव्हा बदाम-पिस्त्यांऐवजी मागवलेला. काका सरकारी नोकरीत कालव्यांची डिझाइनं करायचे. २००९ला निवृत्त झाले, आता ७४ वर्षांचे आहेत, आणि हे यंत्र अजून त्यांच्या शर्टाच्या खिशाला ओढून धरतं. २७ सप्टेंबर २०१८ला मुठेचा उजवा कालवा जनता वसाहतीजवळ फुटला आणि दांडेकर पुलाच्या भागात पाणी शिरलं, तेव्हा आम्ही सगळे टीव्हीसमोर च्‌ च्‌ करत होतो आणि काका सोफ्याच्या कडेला बसून, पडद्यावर दिसणाऱ्या भगदाडाची रुंदी अंदाजाने धरून, विसर्ग काढत होते. कुणी विचारला नव्हता.

तर डिसेंबरात त्यांनी मला सहकारनगरला बोलावून घेतलं. “ह्यातलं सगळं बाहेर काढून दे. कॉम्प्युटरवर. नि कागदावर.” कारण विचारलं तर म्हणाले, खालचा बाण गेलाय. ते खरं होतं. बाणांच्या चार कळांपैकी खालची मेली होती. ६४ ठिपक्यांच्या उंचीचा तो चिमुकला पडदा. त्यावर चार-सहा ओळी दिसतात आणि त्यापुढचं, मग ती नावांची यादी असो की गणित, बघायला खालचा बाण लागतो. तो नाही म्हणजे स्वतःच लिहिलेली सगळी गणितं पहिल्या काही ओळींपुरती वाचता येणार. त्यात मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालेलं, दुसरं व्हायचं. मला कारण पटलं. मी दुसरं काही विचारलं नाही.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेते. घरच्यांच्या समजुतीने याचा अर्थ मला प्रिंटरपासून गीझरपर्यंत सगळं दुरुस्त करता येतं. मला येतं एवढंच की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय बदललं ते लिहून ठेवायचं. चूक सापडली की माणूस सुटतो. सगळं जागच्या जागी बरोबर असून काम होत नाही, तेव्हा झोप उडते.

पहिला दिवस केबलमध्ये गेला. चार पिनांपैकी मधल्या दोन म्हणजे एक बोलण्याची, एक ऐकण्याची. कडेच्या दोन ग्राउंड आणि शील्ड. बस. मोडेमला असायच्या तशा “थांब”, “मी तयार आहे” असं सांगणाऱ्या वेगळ्या तारा इथे नाहीतच. दुसऱ्या टोकाला नऊ पिनांचा जुना सीरियल कनेक्टर, त्यात दोन नंबरवर कॉम्प्युटर ऐकतो, तीनवर बोलतो, पाचवर ग्राउंड. याचं बोलणं त्याच्या ऐकण्याला जोडायचं. बोलणं बोलण्याला जोडलं तर दोघंही बोलत राहतात आणि कोणाच्याच कानावर काही पडत नाही. अर्थातच मी पहिल्यांदा तसंच जोडलं.

लॅपटॉपला सीरियल पोर्ट नसतो, म्हणून यूएसबीला लावायचा अडॅप्टर. माझ्याकडे ड्रॉवरमध्ये एक होता. विंडोजने तो ओळखला, नाव लावलं, आणि शेजारी पिवळा त्रिकोण काढला. असल्या अडॅप्टरांतल्या चिपांच्या नकला बाजारात ढिगाने आहेत आणि मूळ कंपन्यांचे नवे ड्रायव्हर नकली किंवा फार जुनी चिप दिसली की काम करायला नकार देतात. ड्रायव्हरची जुनी आवृत्ती शोधत बसण्यापेक्षा मी दुसरा अडॅप्टर मागवला. तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत काकांचे दोन फोन आले, दोन्ही वेळा प्रश्न एकच: “एम सात आलं का?”

“काका, अजून काहीच आलेलं नाही.”

“बरं. आलं की सांग. एम सात.”

दुसरा अडॅप्टर आल्यावर मी शहाण्यासारखी वागले, म्हणजे कॅल्क्युलेटर बाजूलाच ठेवला. दोन टोकं आणि मध्ये तार असली की आपण लगेच तिन्ही एकत्र जोडून बघतो, आणि जमलं नाही की तिघांवरही संशय. त्यापेक्षा अर्धं अर्धं करत जावं. नऊ पिनांच्या कनेक्टरमध्ये दोन आणि तीन नंबरच्या पिना ऑफिसातल्या यू-पिनने एकमेकींना जोडल्या की कॉम्प्युटर जे बोलेल ते त्याच्याच कानात परत येतं. टर्मिनल नावाच्या प्रोग्रॅममध्ये ‘क’ची कळ दाबा, तो बाहेर जाऊन, यू-पिनेला वळसा घालून, पडद्यावर हजर. म्हणजे कॉम्प्युटर, ड्रायव्हर, अडॅप्टर आणि पोर्टचा नंबर, सगळं एका फटक्यात तपासून झालं.

मी कळ दाबली, अक्षर आलं. खूश होऊन चहा टाकला. चहा घेऊन परत येते तर यू-पिन टेबलाखाली पडलेली, आणि कळ दाबली की अक्षर येतंच आहे. टर्मिनलमध्ये ‘लोकल एको’ चालू होता. आपण टाइप केलेलं तो स्वतःच पडद्यावर उमटवतो, तारेत काही का असेना. नापास होऊच शकत नाही ती परीक्षा कसली, हे वाक्य मी ऑफिसात नव्या मुलांना दर सहा महिन्यांनी ऐकवते. एको बंद केला, पिन काढली: शांतता. पिन लावली: अक्षर. मग चहा प्यायले.

आता कॅल्क्युलेटर जोडला. त्याला पाठवायला सांगितलं. त्याच्या पडद्यावर ‘कनेक्टिंग’. मग ‘रिट्राय’ एक, दोन, तीन, आणि शेवटी हार मानल्याचा संदेश. लॅपटॉपवर काहीही नाही. एक अक्षरही नाही, चुकीचंसुद्धा नाही. तार तपासली, ब्लेडने कोरलेला कनेक्टर पुन्हा दाबून बसवला, मधल्या दोन तारा उलट करून पाहिल्या. काही नाही. रविवारी सकाळी सगळं सामान पिशवीत भरून मी सहकारनगरला गेले. मालकासमोर तरी बोलेल म्हटलं.

काकू टेबलाच्या अर्ध्या भागावर निवडणटिपण करत होती. “तुमचं झालं की टेबल मोकळं करा. मला मटार सोलायचेत.” उरलेल्या अर्ध्यावर आम्ही दोघं. काका माझ्या खटपटी बघत होते, आणि मध्येच त्यांना साइटवरचे दिवस आठवले. त्यांच्या हाताखालच्या एका ज्युनिअरकडेही हेच मॉडेल होतं. “कॅम्पवर बसलो की डोक्याला डोकं लावून प्रोग्रॅम द्यायचो घ्यायचो. असं.” त्यांनी कॅल्क्युलेटर टेबलावर आडवा ठेवला आणि त्याच्या डोक्यासमोर चष्म्याचं घर, दुसरा कॅल्क्युलेटर म्हणून.

मी म्हटलं, “कसं? तारेने?”

“तार कशाला? लाल दिव्याने. टीव्हीच्या रिमोटसारखं.”

या यंत्राला बाहेर बोलायला दोन वाटा आहेत. एक पिनांची, दुसरी डोक्यावरच्या काळ्या काचेमागच्या इन्फ्रारेड दिव्याची. एका वेळी एकच चालते, आणि कोणती ते सेटिंगमध्ये ठरतं. मी मोबाइलचा सेल्फी कॅमेरा त्या काचेसमोर धरला आणि पाठवण्याची आज्ञा दिली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण मोबाइलच्या पडद्यावर काचेमागे जांभळट ठिणगी लुकलुकत होती. गेला आठवडाभर मी तारेला दोष देत होते आणि हा बिचारा इमानेइतबारे बोलत होता. हवेत. त्या ज्युनिअरला उद्देशून. तो आता कुठे असतो हे काकांनाही माहीत नाही.

सेटिंग बदलून ‘वायर’ केलं. आणि लॅपटॉपवर पहिल्यांदा काहीतरी उमटलं: चौकटी, उलटे प्रश्नचिन्ह, कुठल्या भाषेतले कोण जाणे असे टोप्या घातलेले स्वर.

काकांचा चेहरा पडला. मी मात्र टाळी वाजवली. कचरा आला म्हणजे तार जिवंत आहे. शांततेतून काही शिकता येत नाही, कचऱ्यातून येतं. इन्फ्रारेडची वाट या यंत्राला सेकंदाला २४०० ठोके एवढ्याच वेगाने चालते, आणि दिव्याने बोलायचं म्हणून कधीकाळी लावलेला तो वेग तसाच राहिला होता. माझा लॅपटॉप ऐकत होता ९६००ने. चौपट घाईने ऐकणाऱ्याला एकेका ठोक्याचे चार ठोके ऐकू येणार, आणि त्यातून तो भलतीच अक्षरं जुळवणार. दोन्हीकडे ९६०० केलं. एका अक्षराला आठ ठोके, एक सुरुवातीचा, एक शेवटचा, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. आजच्या हिशेबाने हे लंगडत चालणंच. पण काकांच्या सगळ्या संसाराला, म्हणजे १२८ किलोबाइट स्मृतीतल्या भरलेल्या तिसऱ्या हिश्शाला, तेवढं भरपूर.

आता ओळीच्या सुरुवातीला स्पष्ट ‘एस’ दिसायला लागला, पुढे थोडी विचित्र पण छापता येतील अशीच चिन्हं. हा कर्मिट. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९८१ साली फ्रँक दा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी तयार केलेली फाइल पाठवण्याची पद्धत. नाव मपेट्समधल्या बेडकावरून. एकमेकांशी अजिबात न जमणाऱ्या यंत्रांमध्ये फायली न्यायच्या म्हणून ती केली. मला तिची एक गोष्ट फार आवडते: समोरचा काय काय गिळून टाकेल याचा ती आधीच विचार करून ठेवते. जुन्या मोठ्या कॉम्प्युटरांना काही अक्षरं आज्ञा वाटायची, ती ते स्वतःच खाऊन टाकायचे. म्हणून कर्मिट असलं प्रत्येक अक्षर साध्या अक्षराच्या वेषात पाठवतो आणि पलीकडे वेष उतरवतो. सगळा माल नव्वदेक अक्षरांच्या पुड्यांमध्ये. प्रत्येक पुडीवर क्रमांक, शेवटी पडताळ्याची बेरीज. पुडी नीट पोचली की समोरून ‘वाय’. फाटली, भिजली की ‘एन’, मग तीच पुडी पुन्हा. पहिली पुडी ‘एस’ची, तिच्यात माल नसतोच, माझी पुडी केवढी, मी किती वेळ वाट बघेन, पडताळा कसा करायचा, एवढंच कळवलेलं असतं. लग्नाच्या याद्या करतात तसं. याद्यांवर सह्या झाल्याशिवाय मांडव नाही.

माझ्या बाजूला कर्मिट चालू केला, काकांना कॅल्क्युलेटर ‘सर्व्हर’ करायला सांगितलं. ‘अवेटिंग सर्व्हर कमांड.’ आता सगळं लॅपटॉपवरून मागता येणार, कळा दाबायला नकोत, खालचा बाण गेला तरी बेहत्तर. यादी मागवली. नावांची रांग उतरायला लागली: खोली, उतार, विसर्ग, पाथर्डी, कॅम्पखर्च, इंग्रजी अक्षरांतली मराठी. आणि मग एम१, एम२, एम३...

“एम म्हणजे काय हो?”

“मायनर. लघुवितरिका, कालव्याची बारकी फांदी. एकेका मायनरचे आकडे.”

तेवढ्यात पडद्याच्या वरच्या कडेला ते चिन्ह उमटलं, कंसात ठिपका, घंटा वाजल्यासारखं. सेल उतरले. तीन बारीक पेन्सिल सेल, आणि सीरियल पोर्ट उघडा असला की ते नेहमीपेक्षा झपाट्याने संपतात. या यंत्रात आपण लिहिलेलं सगळं सेलच्याच जिवावर टिकून असतं. सेल बदलताना आतल्या कपॅसिटरवर थोडा वेळ ते तग धरतं, पण यंत्र बंद हवं, हात भराभर चालले पाहिजेत, आणि मध्ये चुकूनही ऑनची कळ दाबायची नाही. काकांनी हा विधी पंचवीस-तीस वेळा केला असेल. नवे सेल पुड्यातून काढून दिशेप्रमाणे रांगेत मांडले, काकूला पंखा बंद करायला लावला (का, ते विचारू नका), आणि श्वास रोखून जुने काढले, नवे बसवले. ऑन. ‘ट्राय टु रिकव्हर मेमरी?’ असा एक प्रश्न हे यंत्र वाईट दिवशी विचारतं. विचारला नाही. काका खुर्चीला टेकले. “पंखा लाव गं.”

एम७ मागितली. दोन सेकंदांत आली. उघडली तर सुरुवातीला एचपीएचपी४८-आर, आणि पुढे नुसता गाळ. हा मात्र माझा वेंधळेपणा. यंत्रातल्या यंत्रात परत टाकायची असेल तर फाइल ‘बायनरी’ घ्यायची, माणसाला वाचायची असेल तर ‘आस्की’. पहिल्या प्रकारात कॅल्क्युलेटर आपल्या पोटातली रचना जशीच्या तशी देतो, आणि ओळख म्हणून सुरुवातीला ते आपलं कुलनाम लावतो. ते दिसलं की माल खराब नाही, फक्त आपण चुकीच्या दाराने आणलाय एवढं समजावं. ठेवून दिली, उपयोगी पडेल. मग आस्की लावून आधी ‘खोली’ मागवली, कारण मला तो प्रोग्रॅम बघायचा होता.

आली. पण जिथे वर्गमुळाचं चिन्ह हवं तिथे लांब शेपटीचा तिरपा ‘एफ’, आणि बेरजेच्या सिग्माच्या जागी तीन टिंबं. काका म्हणाले, “हे मी लिहिलेलं नाही.” मला हसू आलं, कारण हा आजार आपल्या घरातला आहे. नव्वदच्या दशकात श्रीलिपीत किंवा आयएसएममध्ये टाइप केलेलं मराठी पत्र दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडलं की काय दिसायचं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना समजावायला नको. दोन्ही सॉफ्टवेअर पुण्यातलीच, एक मॉड्युलरचं, दुसरं सी-डॅकचं, आणि एकाचा ‘म’ दुसऱ्याच्या गावी भलताच कोणीतरी. अक्षर म्हणून तारेतून जातो नुसता क्रमांक. १३१ म्हणजे एचपीच्या घरी वर्गमूळ, विंडोजच्या घरी तो शेपटीवाला. माझ्या आजोबांची छापून घ्यायची राहिलेली चरित्रटिपणं अशाच एका फॉन्टात अडकून आमच्या माळ्यावरच्या फ्लॉपीत आहेत. असो.

यावरही इलाज त्या लोकांनी तेव्हाच करून ठेवला होता. सेटिंगमधला भाषांतराचा आकडा १चा ३ केला की जी चिन्हं दुसरीकडे ओळखीची नाहीत ती साध्या अक्षरांनी चितारून येतात. वर्गमूळ येतं ते उलटी तिरपी रेघ, इंग्रजी व्ही, सुलटी तिरपी रेघ असं. शेजारी शेजारी ठेवलं की खरंच वर्गमुळासारखं दिसतं. ज्याला कोणाला हे सुचलं त्याला नमस्कार.

आणि मग ‘खोली’ मला वाचता आली. १८८९ साली रॉबर्ट मॅनिंग नावाच्या आयरिश अभियंत्याने मांडलेलं सूत्र: कालव्याचा आकार, उतार आणि पृष्ठभाग किती खडबडीत यावरून पाण्याचा वेग. विसर्ग ठाऊक असून खोली काढायची तर ते सरळ सुटत नाही. खोली धरायची, विसर्ग काढायचा, ताडून बघायचा, पुन्हा धरायची. काका हे आधी पाटीवरच्या गणितासारखं हाताने करत. एकेका मायनरला अर्धा दिवस.

हे यंत्र उलट्या पोलिश पद्धतीचं. आधी आकडे, मग क्रिया: दोन, तीन, अधिक. लुकासेविच या पोलिश तर्कशास्त्रज्ञाच्या कल्पनेची ही उलटी बाजू. ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी म्हणे हात जोडले होते, बरोबरच्या चिन्हाची कळच नाही म्हणून. काकांना पहिल्याच दिवशी जमलं. “अगं, हा मराठीत विचार करतो. दोनात तीन मिळव. सहाला दोनाने भाग. क्रियापद शेवटी! ते बाकीचे कॅल्क्युलेटर इंग्रजीत बोलतात.” हे ते मी आठवीत असल्यापासून सांगत आलेत. त्या दिवशी त्यांचा प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचला, तर खरंच तो कोणीतरी गवंड्याला सांगावं तसा ऐकू येत होता. तळरुंदी घे. खोली घे. गुण. ठेव. बाजूचा उतार घे...

“एम सात काढ,” काका म्हणाले.

काढली. महिरपी कंसात पाच आकडे. तळरुंदी ०.६ मीटर. बाजूचा उतार १.५. तळाचा उतार ०.०००४, म्हणजे अडीच हजारात एक. मग ०.०२२५. मग विसर्ग ०.२ घनमीटर, साधारण सात क्युसेक. एवढंच. पण काका त्या चौथ्या आकड्याला बोट लावून थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“शून्य शून्य दोन दोन पाच. नक्की? शून्य शून्य एक आठ नाही ना?”

“नाही. दोन दोन पाच.”

तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं. मे महिन्यात एका लग्नात, नगरकडच्या, पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाने त्यांना ओळखलं. शेतकरी, एम सात मायनरच्या अगदी टेलचा, शेवटच्या टोकाचा. तक्रारीचा सूर नव्हता म्हणे, जिलबी वाढून घेता घेता बोलला. “साहेब, तुमच्या चारीला आमच्यापर्यंत काय पाणी आलं नाही बघा. कधीच.” काका घरी आले ते हा आकडा डोक्यात घेऊन. चौथा आकडा म्हणजे रुगॉसिटी, खडबडपणा. काँक्रीटचं अस्तर असेल तर ०.०१८ धरायचे, नुसत्या मातीच्या चारीला ०.०२२५. आधीच्या आठवड्यात ते अस्तराच्या कालव्याचं काम करत होते. तोच आकडा चुकून पुढे राहिला असेल, तर कागदावर चारी सव्वापट पाणी वाहून नेताना दिसणार आणि जमिनीवर नेणार नाही. चारी लहान झाली असणार. शेवटच्या माणसाचं पाणी आपल्या हातून, एका आकड्यापायी, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं... सात महिने हे त्यांच्या डोक्यात होतं. कॅल्क्युलेटर खिशातच होता. खालचा बाण गेला नसता तर मेमध्येच, त्याच रात्री, कळलं असतं.

मी ते पाच आकडे लॅपटॉपवर पुन्हा मांडून पाहिले. खोली आली ४४ सेंटिमीटर आणि वर थोडी. काकांच्या आठवणीतली खोदाईची खोली, वर राखायची मोकळी जागा धरून, त्याला जुळत होती.

“बरोबर आहे, काका. चारी पुरेशी आहे. गणितात काही चूक नाही.”

ते काही बोलले नाहीत. मला वाटलं होतं त्यांना हायसं वाटेल. काकूचे हात थांबले होते, तीही बघत होती.

“मग पाणी जातं कुठे?” मी विचारलं.

“जातं कुठे म्हणजे? वर. हेडला सगळा ऊस आहे. आवर्तन सुटलं की पहिले आठ दिवस तिथेच. पाटकरी तरी काय करणार, एकटा माणूस, सायकलवर.” मग बराच वेळाने, कागद मागे सारत म्हणाले, “चूक निघाली असती तर बरं झालं असतं गं.”

मी सर्व्हर बंद करायची आज्ञा दिली. पोर्ट मिटला. काकूने मटारची परात आणून टेबलाच्या मधोमध ठेवली. काकांनी परातीखाली अडकलेली केबल हळूच ओढून काढली, ब्लेडने कोरलेलं टोक आत येईल अशी गुंडाळली, रबर लावलं, आणि एक शेंग उचलली.